तळ्यातले अन्न आणि आपला गळ

गळाला काही लागले नाही की तळ्यात मासेच नाहीत, असे आपण म्हणून टाकतो. पुष्कळदा कारण अगदी उलटे असते. तळ्यात खायला इतके असते की कणकेच्या गोळीकडे वळायची माशाला गरजच पडत नाही.

आपल्या दिल्लीच्या उत्तरेला भलस्वा झील आहे. यमुनेच्या जुन्या पात्रातून उरलेले, घोड्याच्या नालेसारखे तळे. आसपासच्या गोठ्यांचे शेणपाणी वर्षानुवर्षे त्यात उतरत आले. शेण म्हणजे खत. खताने सूक्ष्म शेवाळ वाढते आणि पाणी हिरवे होते. ते शेवाळ खाऊन टाचणीच्या टोकाएवढे पाणकिडे वाढतात. मेलेले सगळे तळाशी बसते, त्यावर गाळातल्या लाल अळ्या पोसतात. (अशा सांडपाण्यातला मासा ताटात मात्र घेऊ नये.)

या साखळीत कोणता मासा कुठे जेवतो, हे त्याचे तोंड सांगते. कटल्याचे तोंड वर वळलेले असते. तो वरच्या थरातले पाणकिडे गाळून खातो. रोहूच्या ओठांना झालर असते. तो मधल्या थरात राहतो आणि दगडांवरचे, वेलींच्या देठांवरचे शेवाळ खरवडतो. मृगळाचे तोंड खाली, म्हणून त्याचे जेवण तळाशी. परदेशातून आणलेला सायप्रिनस तर गाळ उकरतो आणि घशातल्या दातांनी गोगलगाई फोडतो. या माशांना जठर नसते. एकदा पोटभर जेवून पडून राहणे त्यांना जमत नाही. थोडे थोडे, दिवसभर खात राहावे लागते.

गळाची सगळी युक्ती यातूनच निघते. कटल्यासाठी तरंगा लावून आमिष वरच्या दोन-तीन फुटांत ठेवावे, आणि ते पाण्यात विरघळून धुरळा होईल असे भुसभुशीत असावे. पेंड आणि कोंड्याच्या गोळ्याभोवती बारीक गळ लावण्याची आपल्याकडची जुनी पद्धत याच कारणाने चालते. रोहूला वेलींच्या कडेला, मध्यावर. मृगळ आणि सायप्रिनसला तळावर गांडूळ.

गळ टाकण्याआधी टेहळणी करावी. मोठ्या माणसाला बरोबर घेऊन उथळ काठावर हात कोपरापर्यंत बुडवावा. पाणी हिरवे असून तळहात दिसेनासा झाला, तर तळे अन्नाने भरले आहे. तिथे मूठमूठ चारा फेकणे व्यर्थ. आमिष लहान ठेवावे आणि मासा जेवतो त्याच थरात द्यावे. (मातकट पाण्यात हात दिसला नाही, तर तो नुसता गाळ.) पाणी नितळ असेल तर मासा भुकेला असतो, पण सावधही असतो. तिथे दोरी बारीक हवी आणि सावली पाण्यावर पडता कामा नये.

जानेवारीच्या धुक्यात पाणी गारठते. माशाची भूकही मंदावते, म्हणून दुपारी, ऊन खाल्लेल्या काठाला बसावे. मार्चमध्ये चित्र पालटते.

परवाना लागतो का, हे आधी विचारून घ्यावे. ओखला हे पक्षी अभयारण्य आहे, तिथे गळ नेऊ नये. आणि उन्हाळ्यात हिरव्यागार तळ्यावर पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसले, तर ती भूक नव्हे. रात्रभर शेवाळानेच पाण्यातला प्राणवायू वापरलेला असतो. त्या वेळी गळही टाकू नये आणि चाराही. कुजणारा चारा उरलेला प्राणवायू खातो.