जुना हॉर्न आणि वर ठेवलेला ट्वीटर

‘जुन्या हॉर्न स्पीकरला ट्रेबल नसतो, एक ट्वीटर पॅरलल जोडा, काम झालं.’ जुन्या स्पीकरच्या शौकिनांमध्ये हा सल्ला इतक्या खात्रीने दिला जातो, की ऐकणारा तडक लॅमिंग्टन रोडवरून किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीतून डोम ट्वीटरची जोडी घेऊन येतो. सल्ल्याचा पहिला भाग अर्धसत्य आहे आणि दुसरा साफ चूक.

अल्टेक लान्सिंगचे ‘व्हॉइस ऑफ द थिएटर’ हॉर्न स्पीकर १९४५ मध्ये आले ते सिनेमागृहांसाठी. फिल्मवरच्या ऑप्टिकल ध्वनिपट्टीत खरखर फार, म्हणून थिएटरात वरच्या कंप्रता मुद्दाम दाबत. १९३८ चा ‘अकॅडमी कर्व्ह’ पाहा, आठ हजार हर्ट्‌झला पोचेपर्यंत आवाज पार उतरलेला दिसतो. असा हॉर्न दहा-बारा हजारांच्या पुढे ढासळतो, हे खरं. पण गाण्यातला बहुतेक ट्रेबल त्याच्या खालीच असतो. तोही ऐकू येत नसेल, तर बिघाड शोधायला हवा. क्रॉसओव्हरमधले, म्हणजे कंप्रता वाटून देणाऱ्या सर्किटमधले, इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सुकलेले असतात, ट्रेबलच्या नॉबचे कॉन्टॅक्ट गंजलेले असतात किंवा ड्रायव्हरचा डायफ्रॅम गेलेला असतो. हे न तपासता ट्वीटर विकत घेणं म्हणजे दुखणं तसंच ठेवून वर लेप लावणं.

आता त्या डोम ट्वीटरकडे वळू. एक वॅट दिला की एक मीटरवर किती आवाज मिळतो, ही स्पीकरची सेन्सिटिव्हिटी. मोठे हॉर्न शंभर डेसिबलच्या पुढे जातात, घरगुती डोम नव्वदच्या आसपास राहतो. हॉर्न १०२ आणि डोम ९० धरला तर फरक १२ डेसिबलचा, म्हणजे सोळापट पॉवरचा. हॉर्न एका वॅटवर गात असेल, तर डोमला त्याच्या बरोबरीने यायला सोळा वॅट हवेत. पॅरलल जोडणीत दोघांना व्होल्टेज सारखंच मिळतं, त्यामुळे ते सोळा वॅट येणार कुठून? असे स्पीकर बाळगणारे अनेकजण तर आठ वॅटच्या व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरवर ऐकतात. तरीही ‘जोडल्यावर फरक पडला’ असं सांगणारे भेटतात, आणि ज्यांनी ट्वीटरच्या डब्यावरचा डेसिबलचा आकडाही वाचलेला नाही त्यांनी इतरांना सल्ले द्यावेत, याचा मला मनापासून राग येतो.

जोडायचाच तर हॉर्नच्या तोडीचा ट्वीटर घ्या. जेबीएल २४०५ ची सेन्सिटिव्हिटी १०५ डेसिबल आहे. तो एल-पॅडने, म्हणजे आवाज कमी करणाऱ्या नॉबने, खाली आणून हॉर्नशी जुळवता येतो. दुबळा ट्वीटर मात्र वर चढवता येत नाही.

असेच आणखी काही समज ऐकू येतात. ‘कपॅसिटर लावला की क्रॉसओव्हर झाला.’ आठ ओहमच्या ट्वीटरला दोन मायक्रोफॅरड लावले तर दहा हजार हर्ट्‌झच्या खाली आवाज उतरतो खरा, पण दर सप्तकाला सहाच डेसिबल. हॉर्न तर वरून कापलेलाच नसतो, त्यामुळे मधल्या पट्ट्यात दोघं एकदम वाजतात. दहा हजारांची तरंगलांबी साडेतीन सेंटिमीटरही नाही. ऐकणाऱ्यापासून दोघांच्या अंतरात तिच्या निम्मा फरक पडला की आवाज एकमेकांना खातात.

‘दोन ट्वीटर लावले तर ट्रेबल दुप्पट.’ शेजारी ठेवलेले दोन ट्वीटर याच कारणाने खोलीत जागोजागी आवाज पाडतात.

‘जास्त वॅटचा ट्वीटर जास्त वाजतो.’ वॅटचा आकडा तो किती सोसेल एवढंच सांगतो.

‘पिएझो ट्वीटरला काहीच लावावं लागत नाही.’ पिएझो ॲम्प्लिफायरला कपॅसिटरसारखा दिसतो. म्हणून सिरीजमध्ये एक रेझिस्टर लावावा.

‘वीस हजारांपर्यंत सगळ्यांना ऐकू येतं.’ वय वाढतं तसा वरच्या कंप्रतांना कान मंदावतो. आयएसओ ७०२९ या मानकात त्याचे वयवार आकडे आहेत. पन्नाशीच्या माणसाने ट्वीटर घेण्याआधी टोन जनरेटरवर स्वतःचे कान तपासावेत.

ट्वीटर बसवल्यावर पिंक नॉइज हा चाचणीचा खरखराट लावा आणि नेहमीच्या खुर्चीत बसून ऐका. मग ॲम्प्लिफायर बंद करून ट्वीटरच्या दोन तारा उलट करा आणि पुन्हा ऐका. ज्या जोडणीत आवाज भरीव येतो ती ठेवा. त्यानंतर ट्वीटर पेटीवर एकेक सेंटिमीटर पुढे-मागे सरकवत जागा शोधा आणि शेवटी एल-पॅड इतका उतरवा, की ट्वीटर वेगळा वाजतोय हे कळूच नये.