अर्ध्यावर राहिलेली टोचणी

मुलांच्या लसीकरणाचा विषय निघाला की, सारा दोष अडाणी आईबापांच्या माथी मारण्याची आपणांस सवय जडली आहे. वस्तुस्थिती निराळी आहे. 2019 ते 2021 या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, एक ते दोन वर्षे वयाच्या शंभर मुलांपैकी सुमारे 95 मुलांना क्षयावरील बी.सी.जी. लस मिळालेली आढळली. घटसर्प, डांग्या खोकला व धनुर्वात यांवरील तिन्ही मात्रा मात्र सुमारे 87 मुलांनाच. म्हणजे एकदा टोचून घेतलेली मुलेच पुढे गळतात; त्यांच्या घरी लसीला नकार नव्हता.

पहिले बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. जन्मतःची टोचणी तेथेच होते. सहाव्या आठवड्यात आजी बाळाला केंद्रावर नेऊन आणते. दहाव्या व चौदाव्या आठवड्यांच्या मात्रा व्हावयाच्या, तोच आई सासरी येते. बाळाचे नाव राहते माहेरच्या परिचारिकेच्या वहीत, कार्ड ट्रंकेच्या तळाशी, आणि सासरच्या आशाताईंना या बाळाची वार्ताही नसते. ऊसतोडणीसाठी मराठवाड्यातून कर्नाटकात उतरणाऱ्या कुटुंबांचे तर विचारूच नये! दसरा-दिवाळीच्या सुमारास निघालेली ही माणसे उन्हाळ्याच्या तोंडी परततात. तेवढ्या अवधीत तान्ह्या बाळाच्या तिन्ही मात्रांची वेळ येऊन निघूनही जाते.

दुसरे कारण ज्वराचे. टोचल्यावर एक-दोन दिवस अंग तापणे स्वाभाविक आहे. परंतु हे आधी कोणी सांगितले नसेल, तर रात्रभर रडणारे बाळ पाहून सासूबाई पुढील खेपेस नकार देतात. त्यांना हसणे सोपे आहे. केंद्रावरील गर्दीत ही दोन वाक्ये बोलावयाची राहून जातात, हे अधिक खरे.

गोवर-रुबेलाच्या लसीची आणखी एक अडचण आहे. तिची बाटली अनेक मात्रांची असते आणि उघडल्यावर चार तासांत वापरावी लागते. एकाच बाळासाठी ती उघडण्यास कर्मचारी कचरतात, व रोजगार बुडवून आलेली आई रिकामी परतते. या लसीची पहिली मात्रा नऊ महिने पूर्ण झाल्यावर, तर दुसरी थेट सोळा ते चोवीस महिन्यांत. मधल्या काळात घरचे विसरून जातात.

वेळ टळली म्हणून पहिल्यापासून आरंभ करावा लागत नाही. जेथे खंड पडला, तेथून पुढील मात्रा देता येते. कार्ड हरवले असले तरी बाळाला केंद्रावर न्यावे; आणि पाहुणी म्हणून आलेल्या आईलाही आपल्या गावच्या केंद्रावर लस विनामूल्य मिळते.