विश्लेषण : व्हिडीओ गेममध्ये विनोद का दडवले जातात? ‘ईस्टर एग’च्या शोधाशोधीमागे काय?

‘ग्रँड थेफ्ट ऑटो : सॅन अँड्रियास’ (जीटीए) या २००४ मधील गेममध्ये गँट ब्रिज नावाचा एक लाल पूल आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलाची ती नक्कल. या पुलाच्या मनोऱ्याच्या टोकावर जाण्याचे खेळाडूला काहीच कारण नाही. तरीही कुणी खटपट करून तिथे पोहोचलाच, तर त्याला एक पाटी दिसते. इथे वर कोणतेही ईस्टर एग नाही, निघा इथून, असे त्या पाटीवर लिहिले आहे. ‘ईस्टर एग नाही’ असे सांगणारी ही पाटी हेच या गेममधील सर्वांत गाजलेले ईस्टर एग ठरले. अशा दडवलेल्या विनोदांचा शोध घेणे हा आज गेमिंग संस्कृतीचाच भाग झाला आहे. मात्र याची सुरुवात विनोदातून नव्हे, तर श्रेय नाकारल्याच्या रागातून झाली.

ईस्टर एग म्हणजे काय?

ईस्टरच्या सणाला रंगवलेली अंडी बागेत लपवायची आणि मुलांनी ती शोधायची, अशी पाश्चात्त्य देशांत प्रथा आहे. त्यावरून हे नाव पडले. गेम, सॉफ्टवेअर किंवा चित्रपटात निर्मात्यांनी मुद्दाम लपवलेला संदेश, विनोद किंवा दुसऱ्या कलाकृतीचा संदर्भ म्हणजे ईस्टर एग. ते सापडले नाही तरी खेळ पूर्ण करता येतो. सापडल्यावर बहुतेक वेळा गुणही मिळत नाहीत. ‘हे मला दिसले’ एवढाच आनंद.

सुरुवात कशी झाली?

सत्तरच्या दशकात अटारी ही व्हिडीओ गेममधील आघाडीची कंपनी होती. गेम बनवणाऱ्या प्रोग्रामरचे नाव ना खोक्यावर छापले जाई, ना गेममध्ये दिसे. याच नाराजीतून काही प्रोग्रामर बाहेर पडले आणि त्यांच्या सहभागातून १९७९ मध्ये ‘अ‍ॅक्टिव्हिजन’ ही कंपनी उभी राहिली.

वॉरन रॉबिनेट यांनी वेगळा मार्ग निवडला. ‘अ‍ॅडव्हेंचर’ हा गेम त्यांनी एकट्याने तयार केला. अवघ्या ४ किलोबाइटच्या कार्ट्रिजमध्ये त्यांनी किल्ले, ड्रॅगन आणि चक्रव्यूह बसवले आणि एक गुप्त खोलीही. पार्श्वभूमीच्याच रंगाचा, जवळजवळ न दिसणारा एक ठिपका शोधून ठरावीक जागी नेला की भिंत ओलांडता येई. आत रॉबिनेट यांच्या नावाची अक्षरे रंग बदलत झळकत. हे त्यांनी वरिष्ठांनाही सांगितले नव्हते.

गेम बाजारात आल्यावर १९८० मध्ये अमेरिकेतील एका किशोरवयीन मुलाने ही खोली शोधून कंपनीला पत्र लिहिले. तोवर रॉबिनेट यांनी अटारी सोडली होती. खोली काढून टाकायची तर चिप नव्याने बनवावी लागणार होती, आणि ते खर्चिक होते. अटारीचे अधिकारी स्टीव्ह राइट यांनी उलटा विचार केला. लपवलेल्या गोष्टी शोधणे ग्राहकांना आवडेल, तेव्हा त्या राहू द्याव्यात. ‘ईस्टर एग’ हा शब्दही त्यांचाच.

संतांच्या अभंगात शेवटी नाममुद्रा येते. ती उघड असते आणि मानाने येते. रॉबिनेट यांना मात्र आपली नाममुद्रा भिंतीआड लपवावी लागली.

अर्थात, अशी नाममुद्रा लपवणारे ते पहिलेच नव्हते. अटारीच्याच १९७७ मधील ‘स्टारशिप १’ या आर्केड गेममध्ये रॉन मिल्नर यांनी स्वतःच्या नावाचा छोटा संदेश दडवला होता. तो सापडायला २०१७ उजाडले, म्हणजे चाळीस वर्षे लागली.

‘ओपन वर्ल्ड’ गेममध्येच इतकी रेलचेल का?

एका ठरलेल्या वाटेने नेणाऱ्या गेममध्ये लपवायला जागा कमी असते. ओपन वर्ल्ड गेममध्ये अख्खे शहर, डोंगर आणि समुद्र मोकळा असतो. ठरलेले काम सोडून भलत्याच गल्लीत शिरण्याची मुभा असते. मग त्या गल्लीत काहीतरी ठेवलेले असावे, अशी अपेक्षाही तयार होते. ईस्टर एग म्हणजे या भटकंतीला निर्मात्यांनी दिलेली दाद.

‘जीटीए ३’मध्ये (२००१) भिंतीपलीकडच्या एका बंदिस्त जागेत पोहोचल्यावर, तुम्ही इथे येणे अपेक्षित नव्हते, अशा अर्थाची पाटी भेटते. ‘व्हाइस सिटी’त (२००२) एका इमारतीच्या विशिष्ट खिडकीच्या दिशेने उडी मारली की आत खरोखरच चॉकलेटचे अंडे ठेवलेले दिसते. ‘जीटीए ४’मधील (२००८) स्वातंत्र्यदेवतेच्या नकलेच्या पोटात साखळदंडांनी बांधलेले, धडधडणारे हृदय आहे.

दुसरा प्रकार संदर्भांचा. ‘जीटीए ५’मधील (२०१३) लॉस सँटोस म्हणजे लॉस एंजेलिस, ‘व्हाइनवूड’ म्हणजे हॉलीवूड. ‘लाइफइन्व्हेडर’ ही फेसबुकची खिल्ली, तर ‘आयफ्रूट’ ही अ‍ॅपलची. याच गेममध्ये एका दरीच्या कडेला पोलिसांनी घेरलेली गाडी दिसते आणि ती थेट दरीत झेपावते. ‘थेल्मा अँड लुईस’ (१९९१) हा चित्रपट पाहिलेल्याला काही सांगावे लागत नाही. न पाहिलेल्याला तो केवळ अपघात वाटतो. ओळखणारा आणि बनवणारा यांच्यात क्षणभर संवाद होतो. संदर्भाची गंमत तीच.

अफवेतून विनोद कसा जन्मतो?

‘सॅन अँड्रियास’च्या जंगलात बिगफूट, म्हणजे अमेरिकी लोककथांतील केसाळ महामानव, दिसल्याची अफवा खेळाडूंमध्ये पसरली. धूसर छायाचित्रे फिरू लागली. असे काही गेममध्ये नसल्याचे रॉकस्टार कंपनीने सांगितले, तरी शोध थांबला नाही.

मग कंपनीने ही अफवाच पुढच्या खेळांत आणली. ‘रेड डेड रिडेम्प्शन’च्या ‘अनडेड नाइटमेअर’ या २०१० मधील भागात बिगफूट भेटतो आणि आपल्या जमातीचा संहार झाल्याचे रडत सांगतो. ‘जीटीए ५’ शंभर टक्के पूर्ण केल्यावर बिगफूटच्या शिकारीची कामगिरी खुली होते. अखेरीस तो निघतो केसाळ पोशाख घातलेला माणूस. जे खेळाडूंनी आधी कल्पनेने पाहिले, ते निर्मात्यांनी नंतर बनवले.

शोधण्याची पद्धत कशी बदलली?

पूर्वी ईस्टर एग पायपिटीने सापडत. आता काही जण गेमच्या फाइल उघडून आतला कोडच वाचतात. याला ‘डेटामायनिंग’ म्हणतात. ‘जीटीए ५’च्या सुधारित आवृत्तीत विशिष्ट वार, पहाटेची वेळ आणि धुके असे सारे जुळून आले तरच सापडणाऱ्या सोनेरी निवडुंगांची साखळी होती. तिचा उलगडा २०१५ मध्ये झाला, पण त्यात भटकंतीइतकाच कोड उकरणाऱ्यांचा वाटा होता.

तरीही सगळे सुटलेले नाही. ‘जीटीए ५’मधील माउंट चिलियाडवर उडती तबकडी, अंडे आणि जेटपॅक लावलेल्या माणसासारखी आकृती असलेले भित्तिचित्र आहे. त्याच्या अर्थाबद्दल खेळाडूंचे आजही एकमत नाही.

उलट टोकाचे उदाहरण ‘बॅटमॅन : अर्खम असायलम’चे (२००९). त्यात पुढच्या गेमचे संकेत देणारी एक खोली वॉर्डनच्या कार्यालयातील भिंतीमागे होती. नकाशावर तिची खूण नव्हती. कित्येक महिने ती कुणालाच सापडली नाही आणि अखेर निर्मात्यांनाच ती दाखवून द्यावी लागली. फार सोपे लपवले तर शोधण्यात मजा नाही आणि फार खोल लपवले तर विनोद ऐकायला कुणी नाही.

दडवलेला मजकूर अडचणीत कधी आणतो?

‘सॅन अँड्रियास’मध्येच याचे उत्तर आहे. वापरात नसलेला एक लैंगिक स्वरूपाचा भाग निर्मात्यांनी काढून न टाकता फक्त बंद करून ठेवला होता. २००५ मध्ये बाहेरच्या एका प्रोग्रामरने तो खुला करणारी फाइल प्रसृत केली. ‘हॉट कॉफी’ या नावाने हे प्रकरण गाजले. अमेरिकेत गेमचे मानांकन ‘फक्त प्रौढांसाठी’ असे बदलले, मोठ्या दुकानांनी तो विक्रीतून काढला आणि वाद न्यायालयापर्यंत गेला. हे काही ईस्टर एग नव्हते. पण ग्राहकाला न सांगता डिस्कमध्ये काय काय असू शकते, हा प्रश्न त्यामुळे ऐरणीवर आला.

सॉफ्टवेअर कंपन्यांनाही हा प्रश्न पडला. ‘एक्सेल ९७’ या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये विमान उडवण्याचा छोटा खेळ लपवलेला होता. पुढे मायक्रोसॉफ्टने सुरक्षिततेवर भर देणारे धोरण स्वीकारले आणि असे प्रकार बंद केले. ज्याची नोंद नाही असा कोड ग्राहकाच्या संगणकावर का असावा, याला उत्तर नव्हते.

मग आज ईस्टर एग कुणाचे?

बहुतांशी कंपनीचे. ‘जीटीए ऑनलाइन’मध्ये २०१७ मध्ये खजिन्याचा शोध ठेवण्यात आला. त्यात मिळणारे पिस्तूल पुढच्या वर्षी येणाऱ्या ‘रेड डेड रिडेम्प्शन २’मध्येही वापरता येणार होते. म्हणजे लपवाछपवी हीच जाहिरात झाली. वरिष्ठांपासून लपवलेली गोष्ट आता वरिष्ठांच्या मंजुरीने लपवली जाते.

श्रेयाचा मूळ प्रश्न मात्र मिटलेला नाही. मोठ्या गेमच्या श्रेयनामावलीत आज हजारो नावे असतात. ‘रेड डेड रिडेम्प्शन २’च्या यादीत बेंगळूरुतील रॉकस्टार इंडियाच्या कर्मचाऱ्यांचीही आहेत. पण हाच गेम २०१८ मध्ये आला तेव्हा, तो पूर्ण होण्याआधी कंपनी सोडलेल्यांना मुख्य श्रेयनामावलीत स्थान नसल्याची चर्चा झाली. त्यांच्यासाठी संकेतस्थळावर वेगळी आभारयादी देण्यात आली. रॉबिनेट यांना नाव लपवायला एक खोली पुरली, कारण गेम त्यांनी एकट्याने बनवला होता. हजारो हातांनी उभारलेल्या शहरात एखाद्या कलाकाराची खूण एखाद्या पाटीवर किंवा भित्तिचित्रात उरते आणि ती कुणाची हे बहुधा कळत नाही. खेळाडू मुख्य रस्ता सोडून तिथवर जातो, हीच तिला मिळणारी पावती.