काचेवरचं कापड

स्कॅनर म्हटलं की आपल्याला आठवतात मार्कशीट, टीसी आणि स्कॉलरशिपचे फॉर्म. मोबाइलने कागदाचा फोटो काढून पीडीएफ करता यायला लागल्यापासून तर ही पेटी बऱ्याच ठिकाणी कपाटावर धूळ खात पडलेली दिसते. माझं म्हणणं असं, की होस्टेलच्या पोराला परवडेल असं चित्र काढायचं याच्याइतकं चांगलं साधन दुसरं नाही. आणि नागपुरात त्यासाठीचा कच्चा माल गांधीबागेत पडलेला आहे, तोही जवळजवळ फुकट.

आधी पेटीच्या आत काय चालतं ते बघू. कॅमेरा अख्खं दृश्य एका क्षणात टिपतो. स्कॅनर एक रेघ वाचतो, थोडा पुढे सरकतो, दुसरी रेघ वाचतो. अशा हजारो रेघा जोडून चित्र तयार होतं. स्कॅनर दोन जातींचे असतात. सीसीडीवाल्यात दिवा, आरसे आणि भिंग असतं. त्याला काचेपासून सेंटीमीटरभर वरची वस्तूही बऱ्यापैकी स्पष्ट दिसते. पातळ, हलक्या सीआयएसवाल्यात लाल, हिरवे, निळे एलईडी असतात. त्याला काचेला चिकटलेलंच नीट दिसतं. संत्र्याची साल, पान, फूल ठेवायचं असेल तर पहिली जात शोधा. कापडाला कोणतीही चालते.

ही कल्पना तशी नवी नाही. अ‍ॅना अ‍ॅटकिन्स या इंग्रज बाईंनी १८४३ पासून समुद्री शेवाळं थेट रसायन लावलेल्या कागदावर ठेवून, उन्हात धरून निळी चित्रं काढली. कॅमेरा नाहीच. १९५७ मध्ये अमेरिकेत रसेल कर्श यांनी आपल्या तान्ह्या मुलाचा फोटो ड्रमवर गुंडाळून संगणकात घातला, तो १७६ गुणिले १७६ पिक्सेलचा होता. १९७० मध्ये सोनिया शेरिडन यांनी शिकागोच्या कलाशाळेत कॉपी मशीनसारख्या यंत्रांवर कला करायचा अभ्यासक्रमच सुरू केला.

आता गांधीबाग. सेंट्रल एव्हेन्यूला लागून असलेल्या या ठोक कापडबाजारात दिवसभर थान उलगडत असतात आणि कात्रणं पडत असतात. मी मागितली तर एका दुकानदार काकांनी विचारलं, "काय करतं बाबू याचं?" मी सांगितलं. ते हसले, "घेऊन जा बाप्पा, नाहीतरी फेकाचंच आहे." पिशवीभर माल मिळाला : खादी, पॉलिएस्टर, छापील सुती, चौकडीचं लुंगीचं कापड.

कात्रण काचेवर सपाट पसरा, वरून काळा कागद ठेवा आणि झाकण लावा. किती डीपीआय ठेवायचं? इथे आपलं सिग्नल प्रोसेसिंग कामी येतं. समजा कापडात इंचाला ८० धागे आहेत. सॅम्पलिंगच्या नियमाने कमीत कमी १६० डीपीआय पाहिजेच. १०० वर स्कॅन केलं तर १०० वजा ८०, म्हणजे इंचाला २० असे खोटे पट्टे दिसू शकतात, जे कापडात नाहीतच! परीक्षेत अलायझिंगवर टीप लिहिणाऱ्यांनी ती एकदा अशी डोळ्यांनी बघावी. १२०० वर एका धाग्याच्या वाट्याला १५ पिक्सेल येतात आणि त्याचा पीळसुद्धा दिसतो. मात्र अख्खं ए-फोर १२०० वर घेऊ नका, फाइल ४०० एमबीच्या वर जाते. दोन इंचाचा चौकोन निवडा.

बऱ्याच स्कॅनरमध्ये उजेड एकाच बाजूने पडतो. त्यामुळे दिव्याच्या नळीला समांतर असलेले धागे सावली टाकतात आणि उठून दिसतात. कापड काटकोनात फिरवून पुन्हा स्कॅन करा : आधी ताणा दिसला असेल तर आता बाणा दिसेल. कापड तेच, चित्रं दोन.

आणखी गंमत हवी असेल तर स्कॅन चालू असताना कापड ओढा. दिवा चालतो त्याच दिशेने ओढलं तर नक्षी लांबते, उलट दिशेने ओढलं तर आखडते, आडवं हलवलं तर लाटा उमटतात. दिव्याच्याच वेगाने ओढलं तर एकच रेघ पुन्हा पुन्हा वाचली जाते आणि नक्षीचे सरळ पट्टे होतात. शर्यतीचा फोटो-फिनिश कॅमेरा याच तत्त्वावर चालतो. म्हणजे चित्राची एक बाजू लांबी नसून वेळ आहे. साध्या फोटोत हे होत नाही.

पण मला यात सगळ्यात मोलाची वाटते ती दुसरीच गोष्ट. स्कॅन खोटं बोलू देत नाही. छापील कापडात रंग धाग्यांची पर्वा न करता वरून पसरलेला दिसतो. विणलेल्या नक्षीत रंग धाग्याबरोबर चालतो, खाली जातो, पुन्हा वर येतो. विदर्भाची करवतकाठी साडी घ्या. काठाला करवतीसारखे दाते असतात, आणि ते हातमागावर धोटे बदलत, धाग्यात धागा अडकवून विणलेले असतात. तसेच दाते छापून काढले तर चार हातांवरून फरक कळत नाही, किमतीत मात्र फार कळतो. विणकराची मेहनत नेमकी त्या न दिसणाऱ्या फरकात आहे. स्क्रीनवर मोठं करून बघितलं की शेंबडं पोरही ती ओळखेल.

शिवाय स्कॅन मापात असतं. ६०० डीपीआय म्हणजे एका इंचात ६०० पिक्सेल; धागे मोजा, टिपून ठेवा. नागपुरातल्या कोष्टी विणकरांची परंपरा जुनी आहे, आणि तिच्या साड्या आज अनेक घरांत आजीच्या पेटीत घड्या पडून विरत आहेत. सुटीत घरी जाल तेव्हा एक घडी काचेवर ठेवा. गाव, कोणाची साडी, अंदाजे साल एवढं फाइलच्या नावात लिहा. चित्र तर होईलच, नोंदही होईल.

दोन सूचना. काचेवर आधी ओएचपीची पारदर्शक शीट टाका, म्हणजे चरा पडणार नाही. ओली वस्तू ठेवू नका. आणि लॅबचा स्कॅनर वापरला तर जाताना काच पुसा. नाहीतर पुढच्या पोराच्या टीसीवर आपल्या चिंध्यांचे धागे उमटायचे.