बांबूला गुंडाळलेलं पुस्तक

दिवाळी झाली, धान कापून बांध्या मोकळ्या झाल्या, की लाखनीच्या पानठेल्यांवर नाटकांची पोस्टरं चिकटू लागतात. कोणत्या गावची मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा, कधी, बैलांच्या शर्यतींचा पट कुठे, त्या रात्री नाटक कोणतं, हे आमच्याकडे लोकांना तोंडपाठ असतं. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा धानाचा आणि जंगलाचा मुलूख म्हणजे झाडीपट्टी. इथे भाऊबीजेपासून होळीपर्यंत नाटक रात्री दहाच्या सुमाराला सुरू होतं आणि पहाटे संपतं. या रंगभूमीवर लिहिणारे नटांबद्दल लिहितात, गर्दीबद्दल लिहितात. मला तिच्या पडद्यांबद्दल लिहायचं आहे, कारण माझं पहिलं चित्रपुस्तक तेच होतं.

घरात पुस्तकं होती ती शाळेची. त्यांतली चित्रं बोटाएवढी आणि काळी. रंगीत राजवाडा, दूर जाणारा रस्ता, कमळांचं तळं हे मी पहिल्यांदा पाहिलं ते मंडईच्या रात्री, तणसावर पोतं टाकून, आजीच्या घोंगडीत बसून. "झोप लागली तं उठवजो मले," असं मी तिला आधीच सांगून ठेवायचो. आणि ती प्रत्येक पडदा बदलला की उठवायची. त्यामुळे कित्येक नाटकांची कथा मला आठवत नाही, पण पडदे सगळे आठवतात.

पडदा जवळून पाहिला तर तो साधा मांजरपाट असतो, पट्टे जोडून शिवलेला. जुन्या पद्धतीत पावडरचे रंग गरम सरसात कालवून लावत. सरस वाळला की कडक होतो, घडी घातली की रंगाला तडा जातो. म्हणून पडद्याची घडी घालत नाहीत, खालच्या काठाला बांबू बांधून तो गुंडाळतात. दोऱ्या ओढल्या की बांबू फिरत वर जातो आणि मागचं चित्र उघडं पडतं. रंग भडक असण्यालाही कारण आहे. गॅसबत्तीच्या पिवळट उजेडात फिका पिवळा पांढऱ्यात विरून जातो आणि निळा मळकट दिसतो. पेंटर दिवसा काम करायचा, पण रंग रात्रीच्या हिशेबानं लावायचा. त्याला अडाणी भडकपणा म्हणणाऱ्यांनी तो पडदा त्या उजेडात पाहिलेला नसतो.

रस्त्याचा पडदा तर मोठी करामत. दोन्ही बाजूंची घरं लहान होत जातात, रस्ता निमुळता होत टेकडीत शिरतो. नट पुढे उभा असेपर्यंत हे सगळं खरं वाटतं. तो चुकून मागे गेला की दुमजली घराच्या गच्चीला त्याचा खांदा लागतो. मोठी माणसं तिकडे लक्ष देत नसत. आम्ही पोरं मात्र त्या क्षणाची वाट पाहायचो. माणूस चित्रात शिरला, असं वाटायचं.

आणि गाणं? ते या पडद्याला बांधलेलं आहे. मागे दरबार मांडायचा असेल तर पुढे रस्त्याचा पडदा टाकतात. त्याच्यासमोर एखादं गाणं किंवा विनोदी प्रवेश होतो, तेवढ्यात मागे खुर्च्या, सिंहासन, झाडाच्या फांद्या लागतात. रंगमंचापुढे बसलेला ऑर्गनवाला आणि तबलजी विंगेतल्या खुणेवर नजर ठेवून असतात. मागची तयारी झाली नसेल तर ते कडवं परत घेतात. पान उलटायला लागणारा वेळ आमच्याकडे गाण्यानं भरून निघतो.

ही विद्या फार जुन्या संगीत नाटकाची. 1880 साली अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'शाकुंतल' पुण्यात आलं, आणि पुढच्या अर्धशतकात पडदे रंगवणं ही मराठी नाटकाची स्वतंत्र कला झाली. कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे नात्यातले भाऊ सिनेमाकडे वळण्याआधी नाटकांचे पडदे रंगवत. 'ललितकलादर्श'चे पु. श्री. काळे यांचं नावही नटांच्या बरोबरीनं घेतलं जाई. मग शहरी नाटकानं तीन भिंतींचा दिवाणखाना उभा केला आणि पडदा अडगळीत गेला. झाडीपट्टीत तो राहिला, कारण आमचं नाटक एका गावी एकच रात्र मुक्काम करतं. उद्याचा प्रयोग दुसऱ्या गावी असतो. दिवाणखाना ट्रकमध्ये मावत नाही, पण सहा पडदे एका कडेला उभे राहतात.

दंडार, खडीगंमत अशा इथल्या लोककलांच्या पोटातून ही रंगभूमी आली, असं अभ्यासक मानतात. आमच्या शेजारच्या साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोली आणि दंडार यांसाठी आयुष्य घातलं. वडसा ही आता या व्यवसायाची राजधानी आहे, नाटक कंपन्यांची कार्यालयं तिथंच आहेत. 2023 साली गडचिरोलीचे झाडीपट्टी कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा गावोगावी आपल्याच घरात सन्मान आल्यासारखं झालं. मधे एक पडता काळही आला. पटातल्या बैलांच्या शर्यती 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने बंद केल्या, 2021च्या शेवटी पुन्हा परवानगी मिळाली. मधली वर्षं पटाच्या निमित्तानं होणाऱ्या नाटकांनाही ओकी गेली.

माझ्यासाठी मंचावरच्या पडद्याचं पुस्तक झालं. दूर अमेरिकेत याच्या उलट्या दिशेनं झालेला एक प्रवास मला फार जवळचा वाटतो. अरनॉल्ड लोबेल यांनी 1970 ते 1979 या काळात एक बेडूक आणि त्याचा भेक मित्र यांच्यावर चार छोटी सचित्र पुस्तकं केली. त्यांवरून 'अ इयर विथ फ्रॉग अँड टोड' हे संगीत नाटक झालं आणि 2003 साली ते ब्रॉडवेवर पोचलं. त्यामागे लोबेल यांची मुलगी एड्रियन होती. ती नेपथ्यकार. वडिलांची पुस्तकं रंगमंचावर यावीत म्हणून तिनंच पुढाकार घेतला आणि नेपथ्यही तिनंच केलं. तिकडे पुस्तकातलं चित्र मंचावर उभं राहिलं. आमच्याकडे पुस्तकच नव्हतं, तेव्हा मंचावरचं चित्र पोरांनी पुस्तकासारखं पाहिलं.

मुंबईत सुधा करमरकरांनी 1959 साली 'मधुमंजिरी' करून बालरंगभूमी उभी केली, पुढे रत्नाकर मतकरींनी पोरांसाठी किती नाटकं लिहिली. ती लाट माझ्या लहानपणी आमच्या मंडईपर्यंत आली नाही. आजही इथलं नाटक मोठ्यांचं आहे: सासर, दारू, जमिनीची भांडणं, रडवणारा शेवट. ते असायलाच हवं, माणसं त्यासाठी थंडीत रात्र काढतात. पण पुढच्या रांगेत तणसावर जी चाळीस-पन्नास पोरं बसतात, त्यांच्यासाठी रात्री आठला एक तासाचं नाटक का नसावं? पडदे टांगलेलेच असतात, ऑर्गन लावलेला असतो. जंगलाचा एक, तळ्याचा एक, रस्त्याचा एक, एवढ्यांत एका बेडकाची आणि बगळ्याची गोष्ट गाण्यांतून सहज होईल. वडशाच्या एखाद्या लेखकानं हे मनावर घ्यावं, असं मला कळकळीनं वाटतं. पडदे रंगवणाऱ्या हातांनाही त्यातून नवं काम मिळेल.

एका पहाटे नाटक सुटल्यावर आजी ओळखीच्या बाईशी बोलत थांबली होती आणि मी रंगमंचाच्या मागे गेलो. दोन माणसं तळ्याचा पडदा ट्रककडे नेत होती. बांबूवरून त्याचं टोक सुटलं आणि मला त्याची मागची बाजू दिसली. कोरं, मळकं कापड, त्यावर समोरून झिरपलेले निळे डाग, आणि एका कोपऱ्यात फाटल्या जागी आतून लावलेलं धोतराचं ठिगळ. मी पुढे येऊन पाहिलं, तर त्याच जागी कमळ होतं.