मोटारदुरुस्तीचे अनपेक्षित बिल आणि त्यावरील हरकत

बिल वाचणे हा आपल्या धंद्यातील नित्याचा भाग होय. मालाच्या पट्टीत हमाली किती लागली, तोलाई किती, बारदानाचे वजन वजा झाले की नाही, कडता कोणत्या दराने धरला, हे आपल्या पेढीवरील नवशिका मुनीमही एका दृष्टिक्षेपात सांगू शकतो. परंतु तेच व्यापारी बंधू मोटारदुरुस्तीच्या केंद्रात गेले म्हणजे तीन पानांचे बिल हाती घेऊन शेवटच्या ओळीवरील रकमेखेरीज काही पाहत नाहीत, असे आम्ही अनेकदा पाहिले आहे. धान्याची पारख आपणांस आहे. इंजिनाची नाही, आणि समोरच्या माणसास हे पक्के ठाऊक असते.

आपल्या भागाची अडचण आणखी एक. किलवणीच्या रहिवाशास कंपनीचे अधिकृत केंद्र हवे असेल तर सिल्वासा अथवा वापी गाठावी लागते. सकाळी गाडी ठेवून मनुष्य परततो. सायंकाळी दूरध्वनी येतो की गाडी तयार आहे, आणि रकमेचा आकडा त्याच वेळी प्रथम कानावर पडतो. केंद्र बंद होण्याची वेळ जवळ आलेली, दुसऱ्या दिवशी घरच्या मंडळींस लग्नास जावयाचे असते. अशा वेळी हुज्जत घालण्यापेक्षा पैसे देऊन मोकळे व्हावे, असे वाटणे स्वाभाविक आहे. घरच्या भगिनी गाडी आणावयास गेल्या तर त्यांची कुचंबणा अधिकच होते. यास्तव हा विषय केवळ पेढीचा नसून घराचाही आहे, असे समजून आम्ही तो या अंकासाठी घेतला.

प्रथम आमच्याच पेढीच्या मोटारीचे उदाहरण देतो. केंद्राचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. वार्षिक देखभाल आणि पुढील ब्रेकचे पॅड बदलणे एवढे काम ठरले होते व कर धरून ८,००० रुपयांचा अंदाज जॉबकार्डावर लिहून मिळाला होता. सायंकाळी बिल आले १४,७२० रुपयांचे. वाढलेल्या ६,७२० रुपयांचा उलगडा मागितला तेव्हा चार बाबी निघाल्या : मागील ब्रेकचे शू २,७२०, इंजिन आतून स्वच्छ करण्याचे रसायन १,८५०, वातानुकूलन यंत्राची सफाई १,४०० आणि चाकांचे संतुलन ७५०. यांपैकी एकाही कामाबद्दल आम्हांस विचारलेले नव्हते.

चारही बाबी नाकारणे कदाचित कायद्यास धरून झाले असते, पण ते न्यायाचे झाले नसते. जुने शू आम्ही मागून पाहिले. ते खरोखर लोखंडापर्यंत झिजले होते आणि तशा गाडीत कुटुंबास बसविणे धोक्याचे होते. ती रक्कम आम्ही मान्य केली. चाकांवर नवी शिशाची वजने बसविलेली दिसत होती, सबब तेही मान्य केले. रसायनाचा रिकामा डबा मात्र कोणी दाखवू शकले नाही. वातानुकूलन यंत्राची सफाई ‘सर्वांच्याच गाड्यांस करतो’ एवढेच उत्तर मिळाले. सर्वांस करतात हे ते काम आम्ही सांगितल्याचे प्रमाण होऊ शकत नाही. व्यवस्थापकाशी पाऊण तास शांतपणे बोलणे झाल्यावर या दोन बाबींचे ३,२५० रुपये कमी झाले व आम्ही ११,४७० रुपये भरले. आवाज कोठेही चढविला नाही. ज्याने प्रत्यक्ष पाना फिरविला त्या कारागिराशी तर वाद मुळीच घालू नये. बिल त्याने केलेले नसते.

या प्रकरणी आमचे काम सोपे झाले ते जॉबकार्डामुळे. सौद्याची चिठ्ठी जशी, तसेच जॉबकार्ड. गाडी देताना त्यावर कामांची यादी, अंदाजे रक्कम, गाडी किती किलोमीटर चालली तो आकडा आणि इंधनाची पातळी लिहून घ्यावी. त्याखाली स्वहस्ते एक वाक्य जोडावे : ‘याहून अधिक काम अथवा खर्च करण्यापूर्वी माझी लेखी संमती घ्यावी, बदललेले जुने भाग परत द्यावेत.’ मग सही करावी व प्रत ताब्यात घ्यावी. हमीच्या मुदतीत फुकट बदललेला भाग कंपनी परत मागते, एवढा अपवाद ध्यानात असावा. दुपारी केंद्रातून दूरध्वनी आला की अमुक भाग खराब आहे, तर ‘छायाचित्र आणि भाव व्हॉट्सॲपवर पाठवा, तेथेच उत्तर देतो’ असे सांगावे. तोंडी ‘हो’ म्हटले की पुढे कोण काय बोलले याचा पुरावा उरत नाही. ‘पहिली देखभाल मोफत’ असे म्हणतात तेव्हा मजुरी मोफत असते. तेल, गाळणी इत्यादींचे पैसे सामान्यतः पडतात, हेही आधी विचारून घ्यावे.

आता मुख्य धास्तीकडे वळू. पैसे दिल्याशिवाय गाडी सोडणार नाही, असे केंद्र म्हणू शकते काय? आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे; तथापि १८७२ चा कराराचा कायदा व्यापाऱ्याने वाचावा असाच आहे, कारण त्यातील उदाहरणे बाजारातील आहेत. त्याच्या १७० व्या कलमाप्रमाणे ज्याने एखाद्या वस्तूवर आपले श्रम अथवा कौशल्य खर्च केले, त्यास त्या कामाचा मोबदला मिळेपर्यंत ती वस्तू अडवून ठेवता येते. मात्र याविरुद्ध करार झालेला नसावा. तेथे जवाहिऱ्याचा दाखला आहे : कच्चा हिरा पैलू पाडण्यास दिला, तर मजुरी मिळेतो जवाहिऱ्याने तो ठेवून घ्यावा. लगेच शिंप्याचाही दाखला आहे : तयार होताच कोट देण्याचे व पैशांस तीन महिन्यांची उधारी देण्याचे शिंप्याने कबूल केले असेल, तर त्यास कोट अडविता येत नाही. तेव्हा ठरलेल्या कामाचे पैसे न देता गाडी मागणे आपणांस शोभणारे नाही व कायद्यातही बसणारे नाही.

परंतु हा हक्क त्या वस्तूपुरता आणि त्या कामापुरता आहे. आपल्यापैकी कित्येकांचे घरची मोटार आणि मालाचा टेंपो असे दोन्ही एकाच केंद्रात जातात. टेंपोचे जुने बिल थकले म्हणून मोटार अडविण्याचा अधिकार दुरुस्ती करणाऱ्यास आपोआप मिळत नाही. अशी सरसकट अडवणूक १७१ व्या कलमाने पेढीवाले बँकर, अडते, धक्केवाले, उच्च न्यायालयातील ॲटर्नी आणि विम्याचे दलाल यांनाच दिली आहे. इतरांस त्यासाठी स्पष्ट करार लागतो. म्हणून जॉबकार्डाच्या पाठीमागील बारीक अक्षरे सही करण्यापूर्वी वाचावीत. गाडी न नेल्यास दररोज अमुक भाडे पडेल, अशी अटही बहुधा तेथेच असते. रागाच्या भरात गाडी महिनाभर तेथेच सोडून देणे म्हणजे मूळ वादावर भाड्याचा बोजा चढविणे होय.

मग वादग्रस्त रक्कम न देता गाडी मिळेना, तर काय करावे? याचे उत्तर त्याच कायद्याच्या ७२ व्या कलमात आहे, आणि त्याचा दाखला आपल्या धंद्यातील वाटावा असा आहे. रेल्वे कंपनी बेकायदा जादा भाडे घेतल्याशिवाय माल सोडीत नाही. मालाचा धनी माल सोडवून घेण्यासाठी ते भरतो. तर जितके भाडे बेकायदा व जादा होते तितके परत मिळण्याचा त्यास हक्क आहे. तोच न्याय येथे लावावा. बिलाच्या दोन्ही प्रतींवर लिहावे : ‘अमुक अमुक बाबी मी सांगितलेल्या नाहीत, गाडी सोडवून घेण्यासाठी, हरकत राखून रक्कम भरली आहे.’ तारीख घालावी, सही करावी आणि रोख न देता बँकेमार्फत पैसे भरावेत. केंद्राने तसे लिहू दिले नाही तर त्याच सायंकाळी हाच मजकूर ई-मेलने धाडावा. ‘काम समाधानकारक’ या छापील ओळीखाली मात्र सही करू नये.

बिल तपासताना दोन गोष्टी विशेष पाहाव्यात. बंद वेष्टनातील सुट्या भागावर छापलेली कमाल किंमत सर्व करांसह असते. तिच्यावर पुन्हा जीएसटी चढविला असेल तर ती उघड जादा आकारणी आहे. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून मोटारीच्या सुट्या भागांवरील कर १८ टक्के झाला आहे. त्यापूर्वी बहुतेक भागांवर तो २८ टक्के होता. मजुरीवर तो १८ टक्केच होता.

सुट्या भागांच्या भावाबद्दल आपली तक्रार जुनी आहे आणि ती एकट्या आपलीच नाही. २०११ साली भारतीय स्पर्धा आयोगापुढे शमशेर कटारिया यांनी अशी तक्रार नेली की कंपन्यांचे मूळ भाग आणि दोष शोधण्याची उपकरणे बाहेरच्या कारागिरांस मिळतच नाहीत. २५ ऑगस्ट २०१४ रोजी आयोगाने १४ मोटारकंपन्यांस मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. बाहेर दुरुस्ती केली एवढ्याच कारणास्तव सरसकट हमी रद्द करू नये, असेही त्या निर्णयात होते. कंपन्या अपिलात गेल्या व दंडाचा प्रश्न लांबला. पण एकच दुकान असेल तर भाव काय होतो, हे धान्यबाजारातील माणसास निराळे समजावून सांगावयास नको.

केंद्राने ऐकले नाही तर प्रथम कंपनीच्या ग्राहकसेवा विभागास लेखी तक्रार करावी, नंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर. त्यानेही भागले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून अंमलात आला व त्याने आपल्यासारख्या सीमेवरील लोकांची मोठी सोय केली : तक्रारदार जेथे राहतो अथवा धंदा करतो तेथील आयोगाकडे तक्रार देता येते. केंद्र वापीस, म्हणजे गुजरात राज्यात असले तरी आपल्या जिल्ह्यातच दाद मागता येईल. दिलेला मोबदला ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकील अनिवार्य नाही, आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. तक्रारीस जॉबकार्ड, बिल, संदेशांच्या प्रती आणि पैसे भरल्याचा पुरावा जोडावा.

पेढीच्या नावावरील गाडीबद्दल नेहमी शंका निघते, कारण व्यापारी प्रयोजनासाठी सेवा घेणारा या कायद्याने ग्राहक ठरत नाही. संचालकांच्या वापरासाठी कंपनीने घेतलेल्या मोटारीसंबंधी सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये असे ठरविले की नफा मिळविण्याच्या व्यवहाराशी थेट संबंध दिसत नसेल तर तेवढ्यावरून ते व्यापारी प्रयोजन होत नाही. मालाच्या टेंपोचे तसे नाही. स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वतः चालविणाऱ्यास सवलत आहे. मोठ्या पेढीस बहुधा दिवाणी न्यायालयाचा रस्ता धरावा लागेल. उलट जीएसटीत टेंपोची बाजू सरस आहे. मालवाहू गाडीच्या दुरुस्तीवरील कराची वजावट पेढीस मिळते, घरच्या मोटारीच्या दुरुस्तीवर ती साधारणपणे मिळत नाही. म्हणून टेंपोच्या बिलावर पेढीचा जीएसटी क्रमांक घालून घेण्यास विसरू नये.

शेवटी अपघातानंतरच्या बिलाविषयी. विमा असूनही खिशातून रक्कम का द्यावी लागली, असे म्हणून काही सभासद केंद्रावर रुष्ट होतात. येथे दोष बहुधा केंद्राचा नसतो. साध्या पॉलिसीत रबर व प्लॅस्टिकच्या भागांच्या किमतीतून ५० टक्के घसारा कापला जातो. धातूच्या भागांवर तो गाडीच्या वयानुसार वाढत जातो व पाच ते दहा वर्षांच्या गाडीस ४० टक्के पडतो. काचेवर घसारा नाही. शिवाय १५०० सीसीपर्यंतच्या मोटारीस १,००० आणि त्यावरील मोटारीस २,००० रुपये प्रत्येक दाव्यात धन्यानेच सोसावयाचे असतात. हे फरक सर्व्हेअरच्या अहवालात ओळीओळीने लिहिलेले असतात. तो अहवाल मागून घेऊन केंद्राच्या बिलाशी ताडून पाहावा, आणि त्या दोहोंत जी रक्कम जुळत नाही तेवढ्यापुरतीच हरकत घ्यावी.