पथ्य म्हणजे उपासमार नव्हे

दर वर्षी नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला देण्यासाठी बँकेत येणारे वयोवृद्ध पेन्शनर आम्ही काउंटरवरून पाहतो. वर्षभरात कित्येकांचे कपडे अंगावर सैल झालेले दिसतात. विचारले तर अभिमानाने सांगतात, "साहेब, शुगर आहे, बी.पी. आहे; कडक पथ्य चाललंय." घरचेही कौतुक करतात. परंतु हे पथ्य आहे की उपासमार, याचा विचार आपण केला पाहिजे.

मधुमेह म्हणून गोड बंद, भात कमी. रक्तदाब म्हणून मीठ कमी. त्यात दात पडलेले. भाकरी चावत नाही, अळणी भाजी घशाखाली उतरत नाही. मग रात्री चहा-टोस्टवर भागवले जाते. त्यातून प्रथिने मिळत नाहीत. स्नायू झिजतात, तोल जातो, जखमा लवकर भरत नाहीत. पोट सुटलेला माणूसही असा कुपोषित असू शकतो. मधुमेहाच्या काही गोळ्या किंवा इन्सुलिन घेऊन जेवण टाळले, तर साखर एकाएकी घसरून घाम सुटतो, हातपाय थरथरतात, प्रसंगी शुद्धही हरपते.

मग करावे काय? साखर बंद करावी, जेवण नव्हे. उतारवयात वजनाच्या दर किलोमागे रोज किमान १ ग्रॅम प्रथिने हवीत. डाळ, मोड आलेली मटकी, अंडी, दही, ताजे मासे यांतून ती मिळतात. मात्र मूत्रपिंडाचा विकार असल्यास प्रमाण डॉक्टरांनाच विचारावे. भाकरी दाट वरणात कुस्करून द्यावी. मीठ दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी असावे; सुकट, पापड, लोणचे यांतील मीठही त्यातच धरावे. लिंबू, लसूण, कोथिंबिरीने अळणी भाजीला चव येते.

सिद्धार्थाने कठोर देहदंडन सोडून सुजातेची खीर स्वीकारली. पुढे तथागतांनी अतिभोजन करणाऱ्या राजा प्रसेनजितास मापात जेवण्याचा उपदेश केला. ताटातला मध्यम मार्ग तो हाच.

विद्यार्थी मित्रांनो, आजी-आजोबांचे वजन दर महिन्याला करा आणि पासबुकातल्या नोंदीप्रमाणे तारखेसह वहीत लिहा. प्रयत्न न करता सहा महिन्यांत ६० किलोचे ५७ झाले, तर डॉक्टरांना दाखवा. वजन घटल्यावर औषधांचा जुना डोस जास्त होऊ शकतो. परंतु तो आपल्या मनाने बदलू नका. ज्यांनी अर्धपोटी राहून आपल्याला शिकविले, त्यांना म्हातारपणी अर्धपोटी ठेवू नये, एवढेच आमचे सांगणे.